डोंगर जवळ दिसला की पाऊस

नमस्कार, श्रोतेहो.

१९३७ साली आयर्लंडच्या प्राथमिक शाळांमध्ये मुलांना निबंधाऐवजी एक वेगळंच काम मिळालं. घरी जायचं, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना बोलतं करायचं आणि ऐकलेलं वहीत उतरवायचं. १९३९ पर्यंत सुमारे ५०,००० मुलांनी हे काम केलं. त्या वह्यांत हवामानाच्या खुणांची पानंच्या पानं भरली आहेत.

पाकोळ्या जमिनीलगत उडाल्या, पाऊस येणार. धुराड्यातून काजळी गळली, पाऊस येणार. मांजर विस्तवाकडे पाठ करून बसलं, समुद्रपक्षी आत शेतांवर आले, चंद्राला खळं पडलं, तरी पाऊसच! एवढी धास्ती कशाची? कापलेलं गवत शेतात पसरून, उलटंपालटं करून वाळवायचं, तर सलग उघडीप हवी. ते भिजून कुजलं, तर हिवाळ्यात गुरांपुढे टाकायचं काय?

मला सगळ्यांत आवडते ती डोंगराची खूण. लांबचा डोंगर अगदी हाताशी आल्यासारखा स्वच्छ दिसला की पाऊस समजावा. गावागणिक हा डोंगर वेगळा. किनाऱ्यावर त्याच्या जागी एखादं बेट. एकाच अंगणातून पिढ्यान्‌पिढ्या एकाच दिशेला बघत राहिल्याशिवाय हे कळत नाही. याला सरसकट अंधश्रद्धा म्हणणं अन्यायाचं आहे. चंद्राचं खळंच घ्या. ते उंचावरच्या विरळ ढगांतल्या हिमकणांमुळे पडतं, आणि अटलांटिकवरून पाऊस सरकतो तेव्हा असे ढग पुष्कळदा त्याच्या पुढे असतात.

सगळ्याच खुणा टिकत नाहीत. १५ जुलैला, संत स्विदिनच्या दिवशी, पाऊस झाला तर तो ४० दिवस हटत नाही म्हणतात. हवामानाच्या नोंदी तसं सांगत नाहीत.

पण कबऱ्या गाईची गोष्ट ऐकाच. मार्च सरत आला तशी म्हातारी कबरी गाय फुशारली, आता मार्च माझं काय वाकडं करणार! मार्च चिडला. त्याने एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले आणि असा गारठा पाडला की गाय मेली. एप्रिलच्या सुरुवातीच्या त्या कडाक्याला तिकडे कबऱ्या गाईचे दिवसच म्हणतात. मला यात गोठ्यातला रोकडा सल्ला ऐकू येतो: चारा संपत आलाय, जनावर हिवाळ्याने खंगलंय, दोन दिवस ऊन पडलं म्हणून त्याला उघड्यावर सोडू नका.

मुलांच्या हस्ताक्षरातली ही पानं आता इंटरनेटवर सर्वांना खुली आहेत. गावाच्या नावानेही शोधता येतात. सवड काढून जरूर वाचा.