एसीतला गॅस संपत नाही, गळतो

(दृश्य: मार्च महिना. सोसायटीच्या डक्टमध्ये लोखंडी स्टँडवर बसवलेलं आउटडोअर युनिट. त्याच्या मागे कबुतरांनी जमवलेल्या काड्या.)

निवेदन:

पुण्यात होळी झाली की एसी सुरू होतात. ऑक्टोबर हीट ओसरल्यावर कपाटात गेलेला रिमोट थेट आता बाहेर येतो. मशीन चालू होतं, पाती वरखाली हलतात, पण हवा काही गार लागत नाही. फोन जातो, टेक्निशियन येतो, दाब मोजणारा गेज लावतो आणि म्हणतो, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." घरातले मान डोलावतात. गेल्या वर्षी भरला होता, त्याच्या आदल्या वर्षीही भरला होता. एसीत दरवर्षी गॅस भरायचाच असतो, हे कित्येक घरांनी धरूनच चाललंय.

ही समजूत जायला हवी. एसीतला गॅस जळत नाही आणि वापरून संपतही नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो. खोलीतल्या कॉइलमध्ये कमी दाबाखाली त्याचं बाष्प होतं आणि तो खोलीतली उष्णता ओढून घेतो. बाहेरच्या कॉइलमध्ये त्याचा पुन्हा द्रव होतो आणि तीच उष्णता तो बाहेर टाकतो. कारखान्यात भरलेला गॅस मशीन भंगारात जाईपर्यंत पुरायला हवा. तो कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळतोय. भोक न शोधता वरून गॅस भरला, तर तोही त्याच वाटेने जाणार.

मग हे मार्चमध्येच का लक्षात येतं? एसी बंद असला तरी आतला दाब कायम असतो. आजच्या बहुतेक घरगुती एसीत आर-३२ हा गॅस असतो. २५ अंश तापमानाला, मशीन बंद असताना, नळ्यांमधला त्याचा दाब वातावरणाच्या सुमारे सतरा पट असतो. पुण्यात एसी पावसाळा आणि हिवाळा असे कित्येक महिने नुसता उभा असतो. सुईच्या टोकाएवढ्या फटीतून गॅस त्या सगळ्या काळात हळूहळू जात राहतो, आणि आपल्याला कळतं ते ऊन तापल्यावर.

(दृश्य: कोथरूडमधला एक फ्लॅट. बाल्कनीत टेक्निशियन, दारात घरातल्या काकू.)

"दादा, मागच्या वर्षी भरला होता हो गॅस. पुन्हा कसा गेला?"

"काकू, आधी फिल्टर दाखवा. मग बघू गॅसचं."

हा टेक्निशियन कामाला योग्य जागेपासून सुरुवात करतोय. फिल्टर धुळीने भरला असेल तरी कॉइलवर बर्फ धरतो आणि गॅस कमी झाल्यासारखं वाटतं. फिल्टर स्वच्छ आहे, पंखा जोरात फिरतोय, तरीही बर्फ आहे, तर मात्र गळतीची शंका घ्यायची. गॅस कमी झाला की आतल्या कॉइलमधला दाब पडतो. दाब पडला की गॅस शून्य अंशाच्याही खाली उकळू लागतो आणि हवेतला ओलावा नळ्यांवर गोठतो. हा बर्फ बऱ्याचदा कॉइलच्या एकाच भागात किंवा आउटडोअरजवळच्या बारीक पाइपवर दिसतो.

अशा अवस्थेत एसी तसाच चालवत राहू नये. परत येणारा थंड गॅसच कॉम्प्रेसरच्या, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या, मोटरला थंड ठेवतो आणि सोबत तेलही परत आणतो. गॅस तोकडा पडला की मोटर तापत जाते. गळतीच्या दुरुस्तीवर भागलं असतं, तिथे मग कॉम्प्रेसर बदलायची वेळ येते.

(दृश्य: जवळून. आउटडोअरचे दोन व्हॉल्व्ह. एकावर पितळी टोपी आहे, दुसऱ्यावर नाही.)

टेक्निशियन व्हॉल्व्हवर टॉर्च मारतो. नटाच्या खाली बोटभर काळसर, तेलकट डाग आहे आणि त्यावर धूळ चिकटलीय. गॅस बाहेर पडताना कॉम्प्रेसरचं थोडं तेल सोबत घेऊन येतो, त्यामुळे असा डाग हा गळतीचा मोठा पुरावा असतो. शेजारच्या व्हॉल्व्हची पितळी टोपी कुणीतरी काढून परत लावलेलीच नाही. तिथे आत पिन असते आणि ती थोडी जरी अडकली, तरी गॅस झिरपत राहतो.

तो साबणाच्या पाण्यात स्पंज बुडवतो आणि जॉइंटवर दाबतो. दोन सेकंद काहीच होत नाही. मग नटाच्या कडेने बारीक बुडबुडे फुगू लागतात.

"हे बघा काकू, इथून जातोय."

त्या नटाच्या आत तांब्याच्या पाइपचं तोंड कर्ण्यासारखं पसरवलेलं असतं, त्याला फ्लेअर म्हणतात. बसवताना ते वाकडं झालं किंवा नट जास्त आवळून चिरलं, की आज ना उद्या गळणारच. नट आणखी आवळून काम भागत नाही. पाइपचं तोंड कापून फ्लेअर नव्याने करावा लागतो.

साबणाने सापडलं नाही, तर राहिलेला गॅस काढून घेऊन कोरडा नायट्रोजन दाबाने भरतात आणि गेजचा काटा खाली येतो का ते पाहतात. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कुणी वापरत असेल, तर काम तिथेच थांबवा. ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल दाबाखाली एकत्र आले, तर स्फोट होतो.

कधी गळती जॉइंटला नसून कॉइललाच असते. नदीकाठच्या आणि नाल्यांलगतच्या इमारतींनी हे विशेष लक्षात घ्यावं. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांबं खातो. देवघरातली चांदीची निरांजनं तुमच्याकडे फार लवकर काळी पडत असतील, तर तीच हवा एसीच्या कॉइलवरही काम करतेय. अशा कॉइलचं एक भोक बुजवलं की काही दिवसांनी दुसरं उघडतं. तिथे संरक्षक लेप दिलेली नवी कॉइल बसवणंच शहाणपणाचं. आउटडोअरमागची कबुतरांची विष्ठाही अशीच धातू खाते. जाळी लावली तर हा त्रास टळतो.

(दृश्य: व्हॅक्यूम पंप सुरू. गेजचा काटा शून्याच्या खाली.)

गळती बुजली, तरी लगेच गॅस भरायचा नसतो. नळ्यांमध्ये शिरलेली हवा आणि ओलावा आधी व्हॅक्यूम पंपाने ओढून काढावा लागतो. ओलावा आत राहिला, तर तेलाशी मिळून आम्ल तयार होतं आणि ते मशीन आतून पोखरतं. थोडा गॅस सोडून हवा "बाहेर ढकलायची" सवय काहींना असते. त्याला ठाम नाही म्हणा. पंपाला अर्धा तास लागला तर लागू दे.

मग येतो वजनकाटा. आउटडोअरवरच्या स्टिकरवर गॅस कोणता आणि किती ग्रॅम हे छापलेलं असतं. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, म्हणून नुसत्या गेजवर अंदाज बांधून भरलेला गॅस चुकतो. सिलिंडर काट्यावर ठेवूनच भरायला हवा.

गळालेला गॅस जातो कुठे, हेही मला सांगायचंय, कारण त्याची किंमत फक्त आपण मोजत नाही. जुन्या एसीतला आर-२२ ओझोनचा थर झिजवतो. आर-४१० ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट आहे, तर आर-३२ सुमारे ६७५ पट. दीड टनी एसीतला ९०० ग्रॅम आर-३२ हवेत सोडणं म्हणजे जवळजवळ २६० लिटर पेट्रोल जाळणं. दरवर्षी "टॉप-अप" करणाऱ्या घरांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा. ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारात २०१६ साली किगालीत झालेल्या दुरुस्तीनुसार भारतालाही आर-४१० ए आणि आर-३२ सारखे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत. साताऱ्याच्या वाटेवर शिरवळला गोदरेजने २०१२ पासून प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी बनवले. त्या गॅसचा हवामानावरचा भार नगण्य आहे, पण तो सहज पेट घेतो.

आर-३२ सुद्धा थोडा ज्वलनशील आहे आणि त्याला स्वयंपाकाच्या गॅससारखा वास नसतो. मोठा फुस्स आवाज आला, तर मेन स्विच बंद करा, खिडक्या उघडा, काडी ओढू नका. नळीत गॅस असताना गॅस-टॉर्चच्या ज्योतीने पाइप जोडू देऊ नका.

काम झालं की बिलावर फक्त "गॅस चार्जिंग" लिहून घेऊ नका. गळती कुठे होती, काय दुरुस्त केलं, कोणता गॅस, किती ग्रॅम, हे सगळं लिहून मागा आणि कागद जपून ठेवा. वर्षाच्या आत त्याच जॉइंटमधून पुन्हा गळलं, तर ते काम विनामोबदला करून मागणं रास्त आहे.