आतून लागणारी कडी

आणीबाणीच्या निवाऱ्यात स्थलांतरित स्त्रीला खाट मिळाली की नोंदवहीत तिचे प्रकरण निकाली निघते. तिची प्रकृती मात्र त्या खाटेभोवतालच्या व्यवस्थेवर अवलंबून राहते. मायदेशी मारहाण सोसून निघालेल्या, वाटेत दलालांच्या अत्याचाराला बळी पडलेल्या अनेकजणी इथे येतात, आणि त्यांतल्या काहींसोबत मारणारा नवराही त्याच खोलीत राहायला येतो.

अशा एका निवाऱ्यातले स्वच्छतागृह पाहा. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, दिवा नाही, आतून कडी नाही. रात्री तिकडे जावे लागू नये म्हणून बायका संध्याकाळपासून पाणी पिणे सोडतात, लघवी रोखून धरतात आणि मग मूत्रमार्गाच्या संसर्गाने बेजार होतात; गरोदरपणात हाच संसर्ग अंगावर काढला, तर अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो. मानवतावादी मदतीसाठीचे ‘स्फिअर’ निकष आतून बंद होणारी दारे मागतात आणि स्त्रियांसाठी पुरुषांच्या तिप्पट शौचालये सुचवतात. कडीला खर्च तो किती! पण अहवालांत मोजल्या जातात त्या खाटा.

दवाखान्यात ती सांगते ते एवढेच, की डोके दुखते आणि झोप लागत नाही. दुभाषी म्हणून शेजारी नवरा किंवा त्याच्याच गावचा माणूस बसलेला असेल, तर याहून अधिक ती काय सांगणार? डॉक्टर वेदनाशामक गोळ्या लिहून देतात. बलात्कारानंतर एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि तातडीच्या गर्भनिरोधक गोळीची मुदत १२० तासांची असते. तेवढ्या वेळात तिला दवाखाना सापडावा लागतो, मुलांजवळ कोणीतरी थांबावे लागते आणि कागदपत्रे विचारली जातील ही भीतीही बाजूला सारावी लागते. त्यात अचानक दुसऱ्या निवाऱ्यात हलवले, की घेतलेली तपासणीची वेळ, ओळखीची परिचारिका आणि निरोप पोहोचण्याचा पत्ता हे सगळेच मागे राहते. नैराश्यावरचे उपचार तर अशा हलवाहलवीत हमखास तुटतात.

मग ती नवऱ्याला सोडत का नाही, असे सहज विचारले जाते. वास्तव्याचा परवाना नवऱ्याच्या नावावर अवलंबून असेल, तर त्याला सोडणे म्हणजे देशातून घालवले जाण्याची जोखीम पत्करणे होय. स्त्रियांवरील हिंसा रोखण्यासाठी युरोप परिषदेने केलेल्या २०११ च्या इस्तंबूल करारातील ५९ वे कलम नेमके याचसाठी आहे: लग्न मोडल्यास, विशेष कठीण परिस्थितीत, लग्नाला किती काळ झाला हे न पाहता पीडितेला स्वतंत्र परवाना मिळावा. मात्र ज्या मोजक्या कलमांबाबत सदस्य देशांना अपवाद राखून ठेवण्याची मुभा आहे, त्यांत याही कलमाचा समावेश आहे. असा अपवाद राखलेल्या देशात समुपदेशकाने तिला तक्रार करण्याचा सल्ला देण्याआधी वकिलाला विचारून घ्यावे लागते.