अडलेला किरण आणि मेलेला किरण

वर्गातल्या बहुतेक इंटरॅक्टिव्ह पॅनलची, म्हणजे बोटाने चालणाऱ्या डिजिटल फळ्याची, काच स्पर्श ओळखतच नाही. तो ओळखते तिच्याभोवतीची चौकट. चौकटीच्या दोन बाजूंना इन्फ्रारेड एलईडी, त्यांच्या समोर फोटोडायोड. एलईडी पाळीपाळीने क्षणभर पेटतात आणि समोरचा फोटोडायोड आलेला प्रकाश मोजतो. बोट टेकलं की एक उभा आणि एक आडवा किरण अडतो. दोघांचा छेद म्हणजे स्पर्शाची जागा.

गोची अशी, की एलईडी जळाला तरी प्रकाश येत नाही आणि बोट आलं तरी येत नाही. समजा, डावीकडून 90 सेंटीमीटरवरचा उभा किरण मेला. एकटा तो काही बिघडवत नाही, कारण त्याला छेदणारा आडवा किरण शाबूत असतो. पण तुम्ही 20 सेंटीमीटरवर बोट टेकवलंत, की त्याच उंचीवर 90 ला दुसरं, भुताचं बोट उमटतं. एका बोटाने लिहिताना पान झूम व्हायला लागलं, तर पहिला संशय यावरच घ्या.

म्हणून फर्मवेअर, म्हणजे पॅनलच्या आतलं सॉफ्टवेअर, एलईडी-फोटोडायोडच्या प्रत्येक जोडीची दोन मापं घेतं, एलईडी बंद असताना आणि चालू असताना. दोन्ही शून्याच्या आसपास असतील तर एलईडी किंवा फोटोडायोड गेलाय किंवा वाट अडलीय. दोन्ही कमाल पातळीला टेकली असतील तर बहुधा थेट ऊन पडतंय. मेकॅनिक नको, खिडकीचा पडदा ओढा. फरक आहे पण नेहमीपेक्षा कमी, तर बहुधा कडेला धूळ बसलीय. हा फरक दिवसेंदिवस घटत गेला तर फर्मवेअर आधाराचं माप, म्हणजे बोट नसतानाचं नेहमीचं माप, खाली आणतं किंवा एलईडीचा करंट वाढवतं. झटक्यात घटला तर स्पर्श धरतं.

एलईडी गेला की फोटोडायोड, हे तिरक्या किरणांवरून, म्हणजे एलईडीच्या थेट समोर नसलेल्या फोटोडायोडांपर्यंत जाणाऱ्या किरणांवरून कळतं. एका एलईडीकडून निघणारे सगळे तिरके किरण गायब असतील, तर दोष त्याचा. निरनिराळ्या एलईडींकडून एकाच फोटोडायोडकडे येणारे किरण गायब असतील, तर तो फोटोडायोड गेला. सलग 8 किंवा 16 जोड्या एकदम गेल्या, तर सुटे एलईडी बदलत बसू नका. एलईडी पाळीने पेटवणारी चिप (शिफ्ट रजिस्टर), फोटोडायोड पाळीने निवडणारी चिप (मल्टिप्लेक्सर) आणि पट्ट्या जोडणारा कोपऱ्यातला कनेक्टर बघा. बरेचदा कनेक्टरच सैल असतो.

दोष पक्का झाला की ती जोडी हिशेबातून वगळतात. किरणांत 5 मिलीमीटर अंतर असेल, तर 10 मिलीमीटरचं बोट शेजारच्या किरणावर सावली टाकतंच. बारीक टोकाच्या पेनाची रेघ मात्र तिथे तुटते. लगतचे दोन किरण गेले, की बोटही मधून निसटू शकतं.

काही पॅनल सुरू होतानाच आधाराचं माप घेतात. तेव्हा चौकटीवर कुणाचा हात किंवा चिकटपट्टी असली, तर चांगला किरण मेलेला समजून वगळला जातो आणि हात काढल्यावरही तिथे स्पर्श लागत नाही. पॅनल बंद करून कडा कोरड्या मऊ कापडाने पुसा, चौकट मोकळी ठेवून पुन्हा सुरू करा. तरी तेच झालं, तर खोलीत अंधार करून मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून कडेकडे बघा. डोळ्यांना न दिसणारे एलईडी बऱ्याच मोबाइलमध्ये फिकट जांभळे दिसतात. रांगेत काळी जागा सापडली, तर आता चौकट उघडायला हरकत नाही.