गिरी आणि गोरा

नमस्कार श्रोतेहो.

मावळातली एखादी आजी म्हणते, “म्हातारा डोंगरात गेलाय.” म्हणजे तो शिखर सर करायला गेला नाही. गुरं चारायला किंवा लाकूडफाटा आणायला गेलाय. तिच्या बोलण्यात डोंगर म्हणजेच रान. आज ज्या शब्दाविषयी बोलणार आहे, त्याचीही गत अशीच आहे.

शब्द आहे ‘गोरा’. कातडीच्या रंगाशी याचा काही संबंध नाही बरं का! रशियनमध्ये गोरा म्हणजे डोंगर. पोलिशमध्ये तो ‘गुरा’ होतो, तर चेकमध्ये ‘ग’चा ‘ह’ होऊन ‘होरा’. या सगळ्यांचं मूळ आदिस्लाव भाषेत, म्हणजे या साऱ्या स्लाव भाषांच्या आजीत आहे, पण त्या भाषेतली एक ओळही लिहिलेली सापडत नाही. स्लाव भाषा लिहिली जाऊ लागली ती नवव्या शतकात, सिरिल आणि मेथोडियस या धर्मप्रचारक भावांच्या काळात. त्याआधीचे शब्द लेकी-नातींच्या चेहऱ्यांवरून आजीचा चेहरा रेखाटावा तसे जुळवायचे. म्हणून अभ्यासक अशा शब्दापुढे एक छोटी चांदणी काढतात: हा कुणी लिहून ठेवलेला नाही, आम्ही जुळवलेला आहे.

या गोराचं नातं थेट आपल्या ‘गिरी’शी लागतं. देवगिरीतला, गिरिदुर्गातला तोच हा गिरी. पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातला, अवेस्तेतला ‘गइरि’ही त्याच घरातला. मात्र यावरून कुणी “रशियन संस्कृतातून निघाली” असं सांगू लागलं, तर मान डोलावू नका. ही चुलत भावंडं आहेत, बापलेक नव्हेत.

खरी गंमत पुढे आहे. शेजारच्या लिथुआनियन भाषेत याच घराण्यातला ‘गिरिया’ हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ आहे जंगल! मग आधी डोंगर की आधी जंगल? संस्कृत, अवेस्ता आणि बहुतेक स्लाव भाषा डोंगराच्या बाजूने साक्ष देतात, त्यामुळे तोच अर्थ जुना मानावा असं मला वाटतं. शिवाय लिथुआनियातलं सर्वांत उंच ठिकाण जेमतेम २९४ मीटरचं. डोंगरच नाही म्हटल्यावर शब्दाने करायचं काय? तो झाडांना चिकटला असावा.

पण स्लाव भाषांतही एकमत नाही. चेक माणसाला ‘होरा’ म्हटलं की डोंगर दिसतो, स्लोव्हाक माणसाला बहुतेक वेळा जंगल. आणि हे दोघं १९९२ अखेरपर्यंत एकाच देशात नांदत होते! बल्गेरियनमध्ये गोरा म्हणजे वन, डोंगराला तिथे ‘प्लानिना’ म्हणतात. तरीही तिथल्या एका पर्वतरांगेचं नाव स्रेद्ना गोरा.

आणि मोंटेनेग्रो? तिथले लोक आपल्या देशाला ‘त्सर्ना गोरा’ म्हणतात. त्सर्ना म्हणजे काळी. पण काळं काय, डोंगर की त्यावरचं दाट रान? त्यांच्या भाषेत गोराचे दोन्ही अर्थ होतात. व्हेनिसच्या लोकांनी भाषांतर करताना ‘काळा डोंगर’, म्हणजेच ‘मोंटेनेग्रो’, असं ठरवून टाकलं, आणि तेच जगभर रूढ झालं. राजधानी पोद्गोरित्साबद्दल मात्र असा घोळ नाही. गोरित्सा म्हणजे छोटी गोरा, आणि पोद्गोरित्सा म्हणजे तिच्या पायथ्याचं गाव. ती टेकडी आजही शहरातच उभी आहे.