म्हापसा ते हरमल, खिडकीची सीट

सकाळचे साडेसात वाजलेत, म्हापशाचा बसस्टँड. पुण्याहून रात्रभर स्लीपरमध्ये आडवी होऊन आलेली ही चार पोरं आत्ता कुठं डोळे चोळत उतरलीयत, पाठीवर गॅस सिलिंडरएवढ्या बॅगा, आणि उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, दादा टॅक्सी कुठं मिळेल? आम्ही म्हटलं टॅक्सी राहू दे, आधी पातळभाजी-पाव खा, मग रूट बसनं चला आमच्याबरोबर, हरमलकडं, सर्फिंग शिकायला.

कारण बॅकपॅकर गोव्यात आला तोच मुळी असा, कमी पैशात, लोकांच्या गर्दीतनं. साठच्या दशकाच्या शेवटी कुणी मुंबईहून बोटीनं पणजीला यायचं, कुणी युरोपातनं बसनं निघून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत करत इथं पोचायचं. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर अफगाणिस्तानात सोविएत फौजा घुसल्या आणि तो रस्ता बंदच पडला. पण गोव्यातला शेवटचा टप्पा चालू राहिला. हणजुणे, वागातोर भरत गेलं तशी शांतता शोधणारी माणसं उत्तरेला सरकत सरकत हरमलला आली. नकाशावर तुम्हाला अरंबोल दिसेल, कंडक्टरच्या तोंडी मात्र हरमलच.

आता बसमध्ये बघा. बोटांच्या बेचक्यात नोटा उभ्या घडी करून धरलेला कंडक्टर, ड्रायव्हरच्या समोर देवाच्या फोटोला अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, आणि दारापाशी मासळीची पाटी घेऊन बसलेली मावशी. आमच्यातल्या एका मुलीची बॅग कुठंच मावेना, तर मावशीनं पाटी पायानं थोडी आत ढकलली आणि म्हणाली, "बाय, हांगा दवर." इथं ठेव म्हणाली. मुलीला शब्द कळला नाही पण जागा कळली. मला या प्रवासात सगळ्यात आवडलेला क्षण हाच, पुढं लाटा-बिटा सगळं आलंच.

शिवोली मागं पडली की पूल येतो. खाली शापोरा नदी, म्हणजे आपल्या दोडामार्गातनं येणारी तिळारीच, गोव्यात शिरल्यावर नाव बदलतं. पूल व्हायच्या आधी इथं फेरीबोट होती. नदीच्या अलीकडं बारदेश, पलीकडं पेडणे, आणि हा फरक नुसता तालुक्याचा नाही. बारदेश पोर्तुगीजांकडं गेला १५४३ मध्ये, पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडनं त्यांच्या हातात पडलं ते अठराव्या शतकाच्या शेवटी, मध्ये जवळजवळ अडीचशे वर्षं. म्हणून पूल ओलांडला की कानावर पडणारी बोली मालवणीकडं झुकायला लागते, जत्रेला रात्रभर दशावतार चालतो, आणि भिंतीवर दशावतारी नाटकाचं पोस्टर आणि सर्फिंग शिका असा बोर्ड शेजारी शेजारी दिसतात.

पुलापलीकडच्या चोपड्याहून एक रस्ता मोरजीला जातो. तिथं ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तेवढा पट्टा राखीव आहे, रात्री तिथं टॉर्च मारत फिरू नका प्लीज, पिल्लं उजेडाकडं भरकटतात.

आम्ही मांद्रे, आश्वेकडं थांबलो. आणि इथं सर्फिंगचं खरं गणित सुरू होतं. शाळेत भूगोलात आपण मतलई वारे आणि खारे वारे पाठ केलेले, आठवतंय? ते इथं डोळ्यांनी दिसतं. रात्री जमीन लवकर थंड होते, त्यामुळं पहाटे वारा जमिनीकडनं समुद्राकडं वाहतो, मतलई, तो लाटेला समोरनं हलकेच धरून ठेवतो आणि पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत. दुपारी जमीन तापली की खारा वारा उलटा येतो आणि लाट सगळी विस्कटते. म्हणून सर्फिंग सकाळी. दुपारचा तोच वारा मोरजीला काइटसर्फिंगवाल्यांना, म्हणजे मोठ्या पतंगाच्या जोरावर बोर्ड पळवणाऱ्यांना, हवा असतो.

खाली वाळूच आहे, लाट लहान असते, नवशिक्याला यापेक्षा चांगली जागा नाही. घोट्याला लीश, म्हणजे बोर्डाला जोडलेली दोरी, बांधायची, फोमच्या लांब बोर्डावर पालथं पडायचं, हातांनी वल्हवायचं आणि लाटेनं मागनं उचललं की दोन्ही पाय एकदम खाली घेऊन उभं राहायचं. ती बॅगवाली मुलगी सतरा वेळा पडली, मी मोजलं. अठराव्यांदा तीन सेकंद उभी राहिली आणि पाण्यातच ओरडली.

तेवढ्यात किनाऱ्यावर रापण ओढायला सुरुवात झाली. जाळ्याचे दोन दोर, दोन्हीकडं माणसं, पाय वाळूत रुतवत एका तालात मागं मागं येतायत. शिकवणाऱ्यानं शिट्टी मारून सगळे बोर्ड बाजूला घेतले. कुणी वाद घातला नाही, घालायचाही नाही. या पाण्यावर पहिला हक्क त्यांचा, असं मला अगदी मनापासून वाटतं. जाळ्यात तारले होते, थोडे बांगडे. पोरं दोराला हात लावायला धावली आणि कुणी त्यांना हाकललं नाही.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. लाल बावटा असेल तर पाण्यात जायचं नाही, जीवरक्षक सांगेल ते ऐकायचं. आत ओढणारा प्रवाह लागला तर सरळ किनाऱ्याकडं झुंजत बसू नका, दमून जाल, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर या. आणि जून लागला की विसराच. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तो समुद्र शिकाऊ माणसाचा नव्हे.

संध्याकाळी हरमलच्या स्टॉपवर आम्ही परतीच्या बसला उभे. केस ओले, कानात वाळू, हातात कागदात बांधलेली हरमलची सुकी मिरची. बस आली, दारात सकाळचीच मावशी, पाटी आता रिकामी. मुलीनं बॅग काढली आणि न विचारता त्याच जागी ठेवली.