खेळण्यांच्या दुकानात लपलेला माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

कौलं उचकटून घरात उतरणाऱ्या चोराच्या गोष्टी आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकल्या असतील. आज मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो चोरही असाच वरून उतरणारा, पण अमेरिकेतला. मॅकडोनाल्ड्सच्या छताला भोक पाडून तो आत उतरायचा, कामगारांना पिस्तुलाच्या धाकाने शीतखोलीत कोंडायचा आणि पैसे घेऊन पसार व्हायचा. जेफ्री मँचेस्टर हे त्याचं नाव. त्याच्यावरचा ‘रूफमॅन’ हा चित्रपट ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक डेरेक सिएनफ्रान्स, आणि जेफ्रीच्या भूमिकेत चॅनिंग टेटम.

सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. शीतखोलीचं दार लावण्याआधी जेफ्री कामगारांना कोट घालायला सांगतो. एकाजवळ कोट नसतो, तर स्वतःच्या अंगातला काढून देतो. प्रेक्षक तिथेच त्याच्या बाजूचा होऊन जातो. मीही झालो.

पुढचं सगळं रचल्यासारखं वाटेल, पण गाभा खरा आहे. जेफ्री पकडला गेला, त्याला ४५ वर्षांची शिक्षा झाली. २००४ साली तो उत्तर कॅरोलिनातल्या तुरुंगातून ट्रकखाली लपून निसटला आणि शार्लट शहरात ‘टॉइज आर अस’ या खेळण्यांच्या प्रचंड दुकानात शिरला. सायकली मांडल्या होत्या त्यामागे एक पोकळी होती. तिथे त्याने बिऱ्हाड केलं, आणि तेही कित्येक महिने. पोटाला काय, तर दुकानातलाच बाळांचा खाऊ आणि चॉकलेटच्या गोळ्या.

चित्रपटात तुरुंगाआधी त्याच्या मुलीचा वाढदिवस येतो. तिला सायकल हवी असते आणि बापाला ती परवडत नाही. तोच बाप पुढे सायकलींच्या भिंतीमागे दडून झोपतो. दिग्दर्शक यावर एक शब्दही बोलत नाही, म्हणूनच ते जास्त लागतं.

श्रोतेहो, रेडिओवरून बोलताना मला एका गोष्टीपाशी थांबावंसं वाटतं. झोपलेल्या बाळावर दुसऱ्या खोलीतून लक्ष ठेवण्याची यंत्रं मिळतात, ती जेफ्री दुकानात लपवून ठेवतो. मग आपल्या बिळात बसून कामगारांचं बोलणं ऐकतो, त्यांच्याकडे पाहतो. हे सुरू होतं पकडलं जाण्याच्या भीतीपोटी. हळूहळू मात्र तो त्या माणसांत गुंततो. ली नावाची एक कामगार आहे, दोन मुलींची आई. मुलींसाठी कामाच्या वेळा बदलून द्या, असं ती व्यवस्थापकाला विनवते आणि तो तिला झिडकारतो. रात्री दुकान बंद झाल्यावर जेफ्री संगणकावर बसून तिच्या वेळा बदलून टाकतो. तिने त्याला पाहिलेलंही नाही अजून. नुसत्या ऐकण्यातून माया लागते ती अशी. रेडिओ ऐकणाऱ्यांना मी हे वेगळं काय समजावून सांगणार!

लीची भूमिका कर्स्टन डन्स्टने केली आहे आणि माझ्या मते चित्रपटाचा खरा आधार तीच आहे. पोळलेली बाई पुन्हा विश्वास ठेवायला धजते, ते तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत जातं. जेफ्री तिच्या चर्चमध्ये जातो, जॉन हे खोटं नाव सांगतो, सरकारचं गुप्त काम करतो अशी थाप मारतो. येताना खेळणी घेऊन येतो, मुलांना वाटण्यासाठी. ती खेळणी अर्थात चोरीची. चर्चमधली मंडळी त्याला आपला म्हणतात, मुलींना तो आवडू लागतो. इथे मला हसूही येत होतं आणि पोटात गोळाही येत होता, कारण तिच्या मुली दर भेटीबरोबर त्याला थोडं थोडं वडील मानू लागतात, आणि एक ना एक दिवस हे तुटणार हे फक्त आपल्याला आणि त्यालाच ठाऊक असतं.

माझी एक तक्रार आहे. शीतखोलीत कोंडलेल्या कामगारांपाशी कॅमेरा फार थांबत नाही. कोट अंगावर असला तरी समोर पिस्तूल धरलेलं होतं. तुटपुंज्या पगारावर पहाटे कामावर येणाऱ्या त्या पोरांची भीती आणखी थोडा वेळ दाखवायला हवी होती. तसं केल्याने जेफ्री नावडता झाला नसता, त्याला जोखणं मात्र आपल्याला अधिक जड गेलं असतं. सिएनफ्रान्स हे करू शकतात. ‘द प्लेस बियाँड द पाइन्स’ या २०१२ च्या चित्रपटात मोटारसायकलवरून बँका लुटणाऱ्या बापाच्या गुन्ह्याचे पडसाद त्यांनी पुढच्या पिढीपर्यंत नेले होते.

खरा जेफ्री जानेवारी २००५ मध्ये पुन्हा पकडला गेला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्याने ज्या दुकानाने आसरा दिला तेच लुटलं होतं. आज तो तुरुंगातच आहे.

चित्रपट पाहायला गेलात तर शेवटी नावं सुरू होताच उठू नका. ज्यांना तो खरोखर भेटला होता, ती माणसं तिथे पडद्यावर येऊन बोलतात. ज्याने फसवलं त्याच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज कसा होतो, तेवढं ऐका.

नमस्कार.