जिना पायांना पाठ होतो

नमस्कार, श्रोतेहो.

रात्री दिवा न लावता तुम्ही घरातला जिना उतरताय. पहिल्या दोन पायऱ्या चाचपडत उतरता, तिसरीपासून पाय आपोआप पडू लागतात, कारण तोवर पायांना अंतर पाठ झालेलं असतं. आम्हा जिना बनवणाऱ्यांचं सगळं काम त्या भरवशावर चालतं.

जिना करून घेणारा आधी लाकूड कुठलं, कठडा कसा, हे विचारतो. मी आधी टेप काढतो. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत उंची समजा ३०६ सेंटिमीटर भरली. १७ सेंटिमीटरची एक चढण, म्हणजे एका पायरीची उंची, धरली, तर बरोबर १८ चढणी. नेहमी असा सरळ भाग जात नाही, कधी १७.३ येतात, कधी १६.८. येऊ देत. आकडा कुठलाही असो, सगळ्या पायऱ्यांना एकच हवा. उरलीसुरली उंची शेवटच्या पायरीत ढकलणारा कारागीर कुणाला तरी पाडणार.

आता पाऊल ठेवायची जागा. फ्रान्सचे वास्तुविशारद फ्रांस्वा ब्लोंदेल यांनी सतराव्या शतकात मांडलेला हिशेब आम्ही अजून वापरतो. चढणीची दुप्पट आणि पायरीची रुंदी मिळून माणसाचं एक पाऊल भरावं. आज ते साधारण ६३ सेंटिमीटर धरतात. १७ दुणे ३४, म्हणजे पायरी २९ची. चढ जितका उंच, तितकं पाऊल आखडतं, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. पायऱ्या मात्र १७च लागतात, कारण अठरावी चढण थेट वरच्या फरशीवर नेते. १७ गुणिले २९, ४९३. जवळजवळ पाच मीटर! एवढी लांबी ऐकली की घरमालक शिडीचा विचार करू लागतो.

मग वळण आलंच. जागा असेल तर मी मध्ये सपाट टप्पा देतो. दम खाता येतो, आणि पाय घसरला तर माणूस अर्ध्यावर तरी थांबतो. जागा नसेल तर एका बाजूला निमुळत्या होणाऱ्या तिरप्या पायऱ्या. त्यांची रुंदी कडेला मोजून उपयोग नाही, माणूस जिथून चालतो त्या रेषेवर मोजायची. ते वळण मी जमिनीवर खडूनं पूर्ण मापात आखतो आणि मालकालाच त्यावरून चालायला लावतो. कागदावर मान डोलावलेली माणसं खडूच्या रेघांवर बरोबर अडखळतात.

जिना करकरतो तेव्हा लोक लाकडाला दोष देतात. बहुतेकदा सैल फळी खिळ्यावर घासत असते. म्हणून बाजूच्या फळीत खाच पाडून पायरी तिच्यात बसवायची आणि खालून सरस लावून पाचर ठोकायची. पहिले दोन-तीन ठोके बद्द वाजतात, मग आवाज एकदम टणक होतो. तिथं हात थांबला पाहिजे. आणखी एका ठोक्याचा मोह झाला की खाचेची कड फुटलीच.

मघाशी ३०६ म्हटलं, तो आकडा माझ्याच एका जुन्या फजितीतला. मी मोजलं तेव्हा खाली फरशी बसायची होती. जिना उभा राहिला, मग फरशी आली आणि जमीन ५ सेंटिमीटर वर सरकली. पहिली चढण १२ची, बाकी सगळ्या १७च्या. उतरताना जमीन लवकर लागायची आणि टाचेतून गुडघ्यापर्यंत हिसका बसायचा. घरातल्या प्रत्येकाला बसला, मलासुद्धा. एका पायरीतली चूक १८ चढणींत वाटायची म्हणजे सगळ्या खाचा हलणार. बाजूच्या दोन्ही फळ्या नव्यानं कापल्या, ३०१ भागिले १८, चढण १६.७ची. पदरचं लाकूड गेलं.

तेव्हापासून टेप काढण्याआधी मी विचारतो, "खाली फरशी बसली का?"

नमस्कार.